शेळीच्या किमतीचं कपाट

चाळीस किलो टोमॅटो उकडून, आंबवून आणि वर पांढऱ्या बुरशीची शाल पांघरून बंदोबस्तने आपल्या सख्ख्या बहिणीला परत केले, तेव्हा त्याचं वय एक्केचाळीस होतं आणि पत्र्याच्या धंद्यात त्याला सत्तावीस वर्षं झाली होती. म्हणजे नवखेपणाची सबब सांगायची सोय नव्हती.

त्याला बंदोबस्त हे नाव कसं पडलं ते सांगितल्याशिवाय हा घोळ कळायचा नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या भिंतीला भिंत लावून त्याचं दुकान. कपड्यांच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पिठाचे डबे अशी सगळी कामं तो करायचा. वस्तू तयार झाली की ती दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यायची, आत पेटती बॅटरी ठेवायची, झाकण लावायचं आणि उकिडवं बसून चारी बाजूंनी सरकत सरकत बघायचं, अशी त्याची परीक्षा होती. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तरी तो सांधा उकलून पुन्हा ठोकायचा. नाही दिसली तर हात झटकून म्हणायचा, "एकदम बंदोबस्त." त्याच्या कोठीत उंदीर सोडा, ओली हवासुद्धा शिरत नाही असं गिऱ्हाइकं सांगायची. हळूहळू आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त मतदारयादीत उरलं. बायकोही रागात असली की बंदोबस्त म्हणायची, राग नसला की नुसतं 'अहो'.

ताई तासाभराच्या वाटेवर राहायची. पाऊण एकर टोमॅटो. दर हंगामात दोन-तीन आठवडे असे यायचे की भाव पार तळाला जायचा, तोडणाऱ्याची मजुरीही सुटायची नाही, आणि रस्त्याच्या कडेला टोमॅटोचे ढीग पडायचे. पहिले दोन दिवस गुरं आवडीने खायची, तिसऱ्या दिवशी तीही तोंड फिरवायची. शहरात सूपची आणि मसाल्याची पावडर करणारा एक छोटा कारखाना होता, त्यांना वाळवलेल्या चकत्या हव्या होत्या. पण गच्चीवर उघड्यावर वाळवलेल्या नकोत. त्यांच्यावर धूळ, माश्या आणि कोंबड्यांची पावलं असायची. ताई कॉलेजात बनवलेलं एक यंत्र बघून आली होती. पंखा, वर सौर पट्टी, आत आकडे दाखवणारा दिवा. किंमत ऐकून तिने ग्लासभर पाणी मागितलं, प्यायली आणि परत आली.

"मोटरसायकलच्या किमतीत येतं ते," ती भावाला म्हणाली. "माझ्याकडे मोटरसायकल नाही, शेळी आहे. शेळीच्या किमतीत बसेल असं काहीतरी करून दे. आमच्या आळीत दहा घरं आहेत, सगळ्यांकडे शेळ्याच आहेत."

दोनदा नापास झालेल्या चौदा वर्षांच्या भावाला हाताला धरून पत्रेवाल्या उस्तादाकडे नेणारी ही ताई. उस्तादाला ती म्हणाली होती, "याला अभ्यास जमत नाही, पण घरातली एकही वस्तू याने उघडून बघायची ठेवलेली नाही." त्यानंतर सत्तावीस वर्षांत तिने त्याच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. हे पहिलंच.

म्हणून बंदोबस्त जीव ओतून कामाला लागला. भंगारवाल्याकडून बसच्या जुन्या खिडक्यांच्या काचा आणल्या. सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांचं कपाट केलं, आतून पत्रा मारला, पुढे काचेचं उतरतं तोंड काढलं आणि त्याच्या तळाशी शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग देऊन पत्रा बसवला. ऊन काचेतून आत यावं, काळ्या पत्र्यावर तापावं आणि ती ऊब कपाटातल्या आठ ट्रेंना मिळावी. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. कॉलेजातल्यांनीही मान डोलावली असती.

पुढे हाताने डोक्याचं ऐकलं नाही. दाराला रबराची पट्टी, काचेच्या कडेला लांबीचा लेप, सांध्यांवर कथलाचा डाग. मिळालेली ऊब बाहेर का जाऊ द्यायची? शेवटी बॅटरी आत ठेवून चारी बाजूंनी उकिडवं फिरून झालं. एक रेघ नाही.

कपाट ताईच्या अंगणात पोचलं आणि तिने चाळीस किलोंच्या चकत्या पसरल्या. दुपारी काच आतून धुकटली. तिने फोन केला तर हा म्हणाला, "वाफ धरलीय ना? म्हणजे तापतंय. तापतंय म्हणजे चाललंय. दार उघडू नकोस." चार दिवस काचेवरून आत पाण्याचे ओघळ उतरत राहिले आणि ताईने चार दिवस दार उघडलं नाही. भावावर विश्वास होता तिचा. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, बंदोबस्त स्वतः आला, ऐटीत दार उघडलं, आणि आतून जो वास आला त्याने अंगणातलं कुत्रं उठून पलीकडे जाऊन बसलं.

"मेहुणे," दाजी शांतपणे म्हणाले, "सूप तर इथेच तयार झालं. कारखान्याला कशाला त्रास द्यायचा? वाडगे आणू का?"

संध्याकाळपर्यंत आळीने त्या कपाटाचं नाव वाफारा ठेवलं होतं. कुणाला सर्दी झाली की ताईकडे पाठवा, डोकं आत घाला, मोकळं होईल. बंदोबस्तला हे सगळं झेपलं असतं. झेपली नाही ती ताईची गप्प राहण्याची पद्धत. तिने एकेक ट्रे उचलून खड्ड्यात पालथा केला, ट्रे धुतले, भिंतीला टेकवून ठेवले आणि मग पदराला हात पुसत म्हणाली, "झाडावर दोन क्रेट उरलेत. शेवटचा तोडा. बुधवारी उतरवेन. शनिवारी कारखान्यातल्या बाईंना दोन किलो नमुना देते म्हणून सांगून बसले आहे."

"आणि नाही दिला तर?"

"तर त्या दुसरीकडे बघतील. पसंत पडला तर पुढच्या हंगामापासून आमच्या दहाही घरांचा माल घेणार होत्या. मी आळीत सांगितलंय सगळ्यांना, माझा भाऊ करतोय म्हणून."

माझा भाऊ. हे दोन शब्द ऐकल्यावर बंदोबस्तने भिंतीला टेकवलेले ट्रे गोळा करायला घेतले. कपाट हातगाडीवर घालून, मग टेम्पोत चढवून तो परत निघाला तेव्हा आळीतल्या पोरांनी टेम्पोमागून धावत खोटं खोटं शिंकून घेतलं.

रविवारी तो कपाटासमोर बसून होता. जेवायला उठला नाही. हिशोब मनातून हलत नव्हता: दोन क्रेट म्हणजे चाळीस किलो, वाळून उतरणार जेमतेम सव्वादोन. आठ ट्रेंपैकी एक जरी बिघडला तरी माल दोन किलोंच्या आत. झाडावर पुन्हा एक टोमॅटो येणार नव्हता. आणि चुकलं कुठे हेच कळत नव्हतं. काच ठीक, रंग ठीक, ताप तर इतका की हात लावला की चटका.

"अजून तापवायला पाहिजे," तो म्हणाला. "काच दुहेरी करतो."

बायको दोरीवर कपडे घालत होती. तिने एक पिळलेली चादर झटकली, त्याच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

"ही चादर तुमच्या पेटीत घालते," ती म्हणाली. "झाकण लावते. पेटी उन्हात ठेवते. वाळेल?"

"पेटीत कशी वाळेल? पाणी जाणार कुठे?"

तिने दुसरी चादर घेतली. बंदोबस्त तोंड पुसायचं विसरून बसून राहिला. मग त्याने विचारलं, "हे तू आधी का नाही बोललीस?"

"आधी तुम्ही मला विचारलं होतंत का? तुम्ही बॅटरी घेऊन फिरत होतात."

भोकं पाडायला बसला तेव्हा मात्र त्याचा हात खरंच चालेना. छिन्नी टेकवायची, हातोडी उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. सत्तावीस वर्षांत त्याने पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक एकतर रिबिटाने भरलं होतं नाहीतर डागाने. धडधाकट, निर्दोष, आपल्याच हातच्या कपाटाला उगाच भोसकायचं म्हणजे त्याला पाप केल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्याने तोंड दुसरीकडे करून पहिला घाव घातला. मग काचेच्या खालच्या टोकाला वीतभर रुंद फट कापली, तिला माश्या येऊ नयेत म्हणून जाळी लावली. कपाटाच्या डोक्यावर दुसरं तोंड काढलं आणि त्यावर पुरुषभर उंचीचं पत्र्याचं नळकांडं उभं केलं. बायकोने जुन्या चिंधीला काडी लावून ती खालच्या फटीशी धरली. धूर दोन क्षण घुटमळला, मग कुणी ओढल्यासारखा आत गेला. दोघं मान वर करून नळकांड्याकडे बघत राहिले. तिथून धुराची बारीक दोरी निघाली आणि वर जाऊन विरली.

"गळतंय," बंदोबस्त म्हणाला. आयुष्यात हा शब्द त्याने समाधानाने पहिल्यांदाच उच्चारला असेल, पण समाधान टिकलं नाही. आता ऊब बाहेर जाणार, मग तापेल का, तापलं नाही तर वाळेल का, ही नवी काळजी लगेच जुन्या जागी येऊन बसली.

बुधवारी पहाटे दुधाच्या टेम्पोतून ताई दोन क्रेट घेऊन आली. दोघी नणंदा-भावजयांनी बसून चकत्या कापल्या, मिठाच्या पाण्यातून काढल्या, आणि आठ ट्रे दुकानाच्या गच्चीवरच्या कपाटात गेले. ताईने नळकांड्याकडे बघितलं.

"याचं तोंड उघडंच ठेवायचं?"

"उघडंच."

"नक्की ना?"

"ताई, नक्की असं मी आता काहीच म्हणत नाही."

ती पहिल्यांदा किंचित हसली. त्याला त्यानेही बरं वाटलं नाही.

बुधवारचं ऊन कडक होतं. काच कोरडी राहिली. बंदोबस्त दिवसात गच्चीचा जिना किती वेळा चढला ते बायकोने मोजायचं सोडून दिलं. संध्याकाळी चकत्यांच्या कडा वळल्या होत्या, मधला भाग चामड्यासारखा झाला होता. "उद्याचं एक ऊन," तो म्हणाला, "आणि परवाचं अर्धं."

गुरुवारी ऊन आलंच नाही. आकाश राखेच्या रंगाचं, हवा जड. नऊ वाजता चकत्या बोटाला चिकटायला लागल्या. अर्धवट वाळलेला टोमॅटो ही सगळ्यात वाईट अवस्था. ताजा असता तर विकता आला असता, वाळलेला असता तर ठेवता आला असता. दहा वाजता ताईने वरचा ट्रे नाकाशी नेला आणि परत ठेवला. बंदोबस्तने तिला वास घेताना बघितलं. वास आला का, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

भिंतीपलीकडे बेकरीवाले काका पाव काढून भट्टी विझवत होते. गेलं वर्षभर त्यांचं आणि बंदोबस्तचं बोलणं बंद होतं. काका पहाटे तीनला उठणारे, दुपारी झोपणारे. बंदोबस्तची ठोकाठोक नेमकी दुपारची. उलट काकांचा धूर त्याच्या नव्या कोऱ्या पत्र्यावर बसायचा. एकदा दोघंही एकमेकांना नको ते बोलले होते.

बंदोबस्त बेकरीच्या दारात जाऊन उभा राहिला. काका पिठाचा पाट पुसणीने पुसत होते, वर बघितलं नाही.

"काका, भट्टीच्या वरची खोली रिकामी असते ना?"

"असते. धूर असतो तिथे. तुला चालत नाही तो."

"भट्टी विझल्यावर धूर नसतो. ऊब असते." मग त्याने एका दमात सगळं सांगितलं, टोमॅटो, ताई, शनिवार. काकांनी पुसणी खाली ठेवली.

"म्हणजे दुपारभर तू माझ्याकडे असणार. ठोकणार नाहीस."

"हातोडीला हात लावत नाही."

"आणि भट्टीचं दार झिजलंय माझं. चारी बाजूंनी ऊब गळते, रोज टोपलीभर लाकूड जादा जातं. ते करून द्यायचं. फुकट."

"शनिवारपर्यंत करून देतो," बंदोबस्त म्हणाला. त्या क्षणी काकांनी दुकान लिहून मागितलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

आठ ट्रे भिंतीवरून पलीकडे गेले. खोली चांगली उबदार होती, जमीन पायाला भाजत होती. ताई ट्रे मांडत होती. बंदोबस्तने खोलीभर नजर फिरवली; समोरासमोर दोन खिडक्या, एक उघडी, एक अर्धवट. एवढी मेहनतीची ऊब उघड्या खिडकीतून सरळ निघून चालली होती. तो गेला, कडीला हात घातला आणि खिडकी ओढली. ती लागायच्या बेतात असताना त्याला मागे शांतता जाणवली. ताईचे हात थांबले होते. ती परत तशीच गप्प झाली होती, खड्ड्यात ट्रे पालथे करताना होती तशी.

बंदोबस्तचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्याने खिडकी पुरी उघडली, पलीकडे जाऊन दुसरीही उघडली, झडपेला वीट लावली, आणि दाराबाहेर येऊन जिन्यावर बसला. आत बसला असता तर हाताचा भरवसा नव्हता.

शुक्रवारी फिकं का होईना, ऊन पडलं. ट्रे पुन्हा कपाटात. दुपारी बायकोने एक चकती मोडली. कट्. दुसरी, कट्. तिसरी नुसती वाकली. तीन ट्रेंमधल्या चकत्या जाड कापल्या गेल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत राहिल्या. शेवटी वजन भरलं दोन किलो ऐंशी ग्रॅम. बंदोबस्तने तीनदा वजन केलं, तिसऱ्यांदा ऐंशीचे पंचाहत्तर झाले, कारण चार-पाच चकत्या बायकोने चव बघायला खाल्ल्या. त्यावरून घरात थोडी वादावादी झाली.

शनिवारी कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंनी चष्मा वर सरकवून पिशवीत हात घातला. न बघता सात चकत्या काढल्या. पहिल्या सहा मोडल्या. सातवी वाकली आणि परत सरळ झाली. ताई जमिनीकडे बघत होती, बंदोबस्त त्या चकतीकडे.

"रंग चांगला आहे," बाई म्हणाल्या. "धूळ नाही. पण ही एक ओली आहे. एक ओली असली की पेटीभर माल घालवते. नमुना तीन आठवडे डब्यात ठेवेन. बुरशी आली नाही तर बोलू." त्यांनी शेल्फावरून एक डबा ओढला.

"बाई, या डब्याचं झाकण हलतंय," बंदोबस्त म्हणाला.

"मग?"

"दमट हवा आत जाईल. वाळलेला माल आहे, ओल लगेच ओढून घेईल. तासाभरात डबा आणून देतो."

बाईंनी त्याच्याकडे, मग ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "एवढं त्याला येतं."

ते तीन आठवडे बंदोबस्तने कारखान्याचा रस्ता टाळला. ताई रोज फोन करायची आणि टोमॅटो सोडून सगळं बोलायची. शेळी कशी आहे, दाजींचा गुडघा कसा आहे. तोही विचारायचा नाही. त्याला स्वप्नात सातवी चकती दिसायची, वाकून सरळ होणारी. एकदा तर आपणच केलेल्या डब्यावर त्याचा संशय गेला. आतल्या आत ओल कोंडून धरली असेल तर? त्याचाच बंदोबस्त दुसऱ्यांदा नडला असता. बायको म्हणाली, "अहो, झोपा."

बाविसाव्या दिवशी फोन आला, पण कारखान्यातून नाही, दाजींचा.

"मेहुणे, वाफारा किती दिवसांत होतो एक?"

"कुणाला हवाय?"

"दहा घरांना. बाईंनी डबा उघडला आज. सगळ्या चकत्या मोडल्या म्हणे. ताई तुम्हाला स्वतः सांगणार होती, पण ती मघापासून गोठ्यात जाऊन बसलीय. रडत नाहीये, असं तीच म्हणाली. शेळीच्या किमतीतच बसवा हं. आणि भोकं पाडायला विसरू नका."

दुकानात आता चार कपाटं उभी आहेत, सहा व्हायची आहेत, आणि हंगाम तोंडावर आला आहे. बसच्या काचा संपल्यात, भंगारवाला भाव वाढवून सांगतोय. बंदोबस्तला पुन्हा भूक लागेनाशी झाली आहे. मधल्या काळात तो दोनदा टेप घेऊन बेकरीत गेला, भट्टीच्या दाराचं माप घेतलं, चांगला जाड पत्रा निवडून कापलासुद्धा. पण पाचव्या कपाटाला तळाचा पत्रा कमी पडला, आणि तो त्यात गेला.

काल दुपारी काका दुकानासमोर येऊन उभे राहिले. हातात पिठाची पुसणी, डोळ्यांत झोप.

"शनिवार कुठल्या महिन्यातला म्हणाला होतास?"

"करतो काका. एवढी सहा होऊ देत."

"ठोक, ठोक," काका म्हणाले आणि आत गेले. ऊब गळू नये म्हणून भट्टीच्या दाराभोवती त्यांनी ओली गोणपाटं गुंडाळून ठेवली आहेत. ती वाळली की ते उठून पुन्हा पाणी मारतात.